नोंद झाली, निश्चिंत राहा

शिरखार, ता. पेण
४ एप्रिल २०२५

चि. प्रणिता,

अत्यंत जड अंतःकरणानं कळवतो की काल संध्याकाळी तुझ्या संकेतस्थळानं मला माणूस मानायला नकार दिला.

मी, शिरखार बांध समितीचा सचिव, बावन्न वर्षांचा, पेणला स्टेशनरीचं दुकान असलेला, आधार कार्डावर फोटो असलेला (त्या फोटोतही माणूस दिसत नाही, हे सोड). तरी तुझं यंत्र म्हणालं, तू यंत्र नाहीस हे सिद्ध कर. नऊ चित्रं दाखवली आणि सांगितलं, ज्यात बोट आहे तेवढी निवडा. मी खाडीकाठचा. एका चित्राच्या कोपऱ्यात, पार लांब, तिवरांच्या वर एका मचव्याची डोलकाठी डोकावत होती, ती मी ओळखली. यंत्राच्या मते ती बोट नव्हती. ते ज्या गावचं असेल तिथं मचवे नसतील. त्यामुळे मी नापास.

त्याआधी तुझ्या पहिल्या पानावर निळ्या लाटा उसळत होत्या. त्या थांबेपर्यंत चहा झाला. अगं, ज्या पाण्याला गावाबाहेर ठेवण्यात आमच्या पिढ्या गेल्या, ते तू पहिल्याच पानावर आत सोडलंस! खाली अक्षरं इतकी फिकी, की आपले अध्यक्ष हैबतराव म्हणाले, "जगन, हिची शाई संपली काय रं?" तक्रारीचं पान सापडेना. शेवटी आमच्या निलेशनं दाखवलं, की कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्यांच्या पोटात सगळं दडलंय. रेघांच्या पोटात काही असतं हे मला दुकानात पंचवीस वर्षं वह्या विकून कळलं नव्हतं.

हसण्यावारी नेऊ नकोस. उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, गेल्या वर्षीपासून माती झिरपते आहे. तिथं खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर खाडीचं खारं पाणी थेट शेतात, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे तिथं भात नाही. आणि पहिलं शेत कोणाचं? तुझ्या बायजामामीचं. माझा दादा गेल्यापासून तिला तेवढाच तुकडा. सरकारी कार्यालयात गेलो तर म्हणाले, तोंडी सांगू नका, आता सगळं ऑनलाइन. म्हणून तुला गळ घातली होती की गावाला एक साइट करून दे, खांड पडली की लोकांनी नोंदवायची, आणि समितीनं पुढं पाठवायची.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तू "हो मामा, हो मामा" करून मला गुंडाळतेस, आणि तुझ्या "संपर्क करा" या चौकटीत लिहिलेलं कुठं जातं ते देवाला ठाऊक. आमचा निलेश रोज कंपनीच्या बसनं रोह्याला शिफ्टला जातोच. त्याच्या हाती देतो. उत्तरही त्याच्याच हाती, कागदावर आणि काळ्या शाईनं पाठव.

तुझा मामा
जगन


अष्टमी, रोहा
१२ एप्रिल

ती. मामास सा. न.

काळं पेन घरात नव्हतं, पूल ओलांडून रोह्यातून आणलं. समाधान?

मामा, फिकी अक्षरं, भरपूर मोकळी जागा, पहिल्या पानावर हलतं चित्र, हे सगळं सध्या चालतं. मोठ्ठी अक्षरं, लाल रंग आणि सगळं काही एकाच पानावर, असं आता कोणी करत नाही. ते लग्नपत्रिकेसारखं दिसतं. पुण्याच्या कंपनीत मी असलं काही दाखवलं तर मला परत पाठवतील. (मी घरूनच काम करते, म्हणजे परत कुठं पाठवतील कोण जाणे.)

आता खरं सांगते, ओरडू नकोस. त्या लाटा मी गावासाठी केलेल्याच नाहीत. एका समुद्रकाठच्या रिसॉर्टसाठी साइट केली होती, त्यांनी नाकारली. पडून होती, म्हणून तिच्यातच शिरखारचं नाव घातलं. फुकटचं काम रात्री जागून करायचं, म्हटल्यावर एवढं चालतं असं वाटलं. तेव्हा तक्रारीच्या फॉर्ममध्ये कुठं "पाहुणे किती" असं राहिलं असेल तर सांग.

पण तुझ्या पत्रानं एक लक्षात आलं. तू एकटा बोलतोस, ते टोमणे असतात. मला गावातली माणसं हवीत. तीन-चार जणांना बसव, फोन हातात दे, सांग, "खांड पडली आहे, नोंदव." आणि तू गप्प बस. शिकवायचं नाही, हसायचं नाही, बोट दाखवायचं नाही. कुठं अडतात तेवढं बघ आणि मला लिही. आमच्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती करायला कोणाला वेळ नसतो.

गप्प बसणं जमेल ना?

प्रणिता


शिरखार
४ मे

चि. प्रणिता,

जमलं. जीभ चावून चावून सुजली आहे.

समाजमंदिराच्या ओट्यावर तिघांना बसवलं: हैबतराव, आपली बायजावयनी आणि गुणाजी. गुणाजी आठवतो का? उघाडीपलीकडचा, कुणाशी सरळ बोलत नाही तो.

पहिला मान अध्यक्षांचा. त्यांनी लाटेवर बोट ठेवलं. लाट थांबेना. जोरात ठेवलं. "हिला दाबली तरी ऱ्हात नाय," म्हणाले. मग फॉर्म आला. तू म्हणालीस ते होतंच: पाहुणे किती, प्रौढ आणि मुले.

"खांडीला पाहुणे?" गुणाजी म्हणाला. "जावयाचं घर हाय काय?"

हैबतराव गंभीर. "लिवा. प्रौढ एक. खाडी लहान नाय."

मग येण्याची तारीख. ती वयनीच्या वाट्याला आली. तिनं ते कॅलेंडर वर-खाली सरकवलं, पुढचा महिना, मागचा महिना, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "यात तिथी नाय. उधाण अमावाशेला येतं का पुनवेला, ह्याला कसं कलनार?"

मी गप्प.

"बोल ना रे भावजी!"

मी गप्प.

"तोंडात काय हाय याच्या?" वयनीनं हैबतरावांना विचारलं. मग स्वतःच फोन पालथा ठेवला. "ज्याला तिथी नाय त्याला खाडीचं काम नाय."

बराच वेळ गेला, एकाचीही नोंद झाली नाही. गुणाजी उठला, चपला घातल्या. म्हणाला, "खांड गेली तं मी वरडन. माज्या नरड्याला चार्जिंग लागत नाय."

तुला माहीत नसेल, तू रोह्यात वाढलीस. आमच्याकडं ज्याला खांड दिसेल त्यानं बांधावर उभं राहून हाळी द्यायची. हाळी ऐकली की प्रत्येक घरातून एक माणूस घमेलं घेऊन पळतो. जेवत असला तर हात न धुता. वैर असलं तरी. चिखलाचे गोळे एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि पाणी आत यायच्या आधी तोंड बुजतं. या पद्धतीत फिकी अक्षरं नाहीत. फक्त ती सरकारी कार्यालयाला ऐकू जात नाही, एवढीच तिची अडचण.

एवढं कर. तिथी घाल. पाहुणे काढ. लाटा आवर. आणि लग्नपत्रिकेसारखं दिसलं तर दिसू दे. लग्नपत्रिका अजून कोणाला वाचता आली नाही असं झालेलं नाही.

मामा


अष्टमी
२५ मे

ती. मामास,

तुझं पत्र मी भिंतीला चिकटवलं आणि सगळं मोडून नव्यानं केलं. खरंच सगळं.

आता एकच पान आहे. मध्ये एक लाल बटण, भाकरीएवढं. त्यावर ठसठशीत लिहिलंय: खांड पडली. नाव-पत्ता एकदाच भरायचा, नंतर फोन ओळखतो. तिथी आपोआप. बोटींची चित्रं काढली. दाबलं की देवळातल्यासारखी घंटा वाजते, हिरवी खूण येते आणि खाली अक्षरं: "नोंद झाली. निश्चिंत राहा."

या शेवटच्या ओळीवर मी दोन दिवस घालवले, हसू नकोस. दाबल्यावर काहीच झालं नाही तर माणूस घाबरतो, पुन्हा पुन्हा दाबतो. आपलं ऐकलं गेलं हे त्याला लगेच कळायला हवं. चांगली साइट म्हणजे दुसरं काय असतं? माणसाच्या डोक्यावरचा भार उतरवायचा.

आता एक काम तुझं आहे, ते मी करू शकत नाही. बटण दाबल्यावर निरोप जाणार कोणाला? गावानं एक माणूस ठरवायचा, ज्याचा फोन चालू असेल, जो निरोप आला की उठेल, खात्री करेल, पुढं कळवेल. मला त्याचं नाव आणि नंबर दे. तोवर मी माझाच नंबर घालून ठेवलाय.

विसरू नकोस.

प्रणिता


शिरखार
२० जून

चि. प्रणिता,

मी सहसा कोणाची स्तुती करत नाही, त्यामुळे सवय नाही. वाकडी वाटली तर सांभाळून घे. बटण छान झालंय.

गावानं ते डोक्यावर घेतलंय. हैबतरावांनी नाक्यावर फलक लावला: त्यात त्यांचा फोटो मोठा, बटण लहान आणि तुझं नाव नाही. ज्यांना पिन कोड माहीत नाही तेसुद्धा एका दमात दाबतात. खांड नसताना दाबतात, हाच काय तो वांधा. घंटेचा आवाज ऐकायला म्हणून दाबतात, पाहुणे आले की त्यांना दाखवायला म्हणून दाबतात. वयनी तर रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की एकदा दाबते. म्हटलं, "का गो वयनी?" तर म्हणाली, "बरं वाटतं. कुनीतरी आयकलं असं वाटतं." 

माणूस ठरवायचा विषय समितीपुढं ठेवला. हैबतराव म्हणाले, अध्यक्ष या नात्यानं निरोप आपल्यालाच यायला हवेत. मग म्हणाले, पण आपल्या फोनात जागा नाही, त्यात नातवाचे व्हिडिओ आहेत. मग एकानं दुसऱ्याचं नाव सुचवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, आणि भजी आली. तेव्हा सध्या तुझाच नंबर राहू दे. लावणी उरकली की बघतो.

कार्यालयातून दोघं बांध बघायला आले होते. चिंबोऱ्यांनी उघाडीपाशी बिळं केली आहेत, ती दाखवली. त्यांनी बिळांचे फोटो काढले. चिंबोरीचाही काढला. गेले.

मामा


अष्टमी
३ जुलै

ती. मामास,

घाईत लिहितेय, निलेशदादा दारात उभा आहे.

निरोपांचा नुसता पाऊस पडतोय. सकाळी मामीचा येतो, तो मला आता ओळखीचा झालाय, तिचा आला की मीही चहा टाकते. पण बाकीचे? काल मीटिंग चालू असताना सारखा फोन वाजत होता. शेवटी आवाज बंद करून ठेवलाय. दुसरा माणूस बघ ना मामा. लवकर. पुन्हा सांगतेय.

एक आनंदाची बातमी. कंपनीतल्या वरच्या लोकांनी शिरखारचं बटण बघितलं. महिन्याच्या शेवटी सगळ्यांसमोर दाखवायला सांगितलंय. लाल रंगासकट!

बांध कसा आहे?

प्रणिता


शिरखार
२८ जुलै

चि. प्रणिता,

खांड पडली.

शुक्रवारी, दुपारच्या भरतीला. अमावास्येचं उधाण होतं, वरून पाऊस. उघाडीशेजारीच.

मी पेणला दुकानात होतो. हैबतरावांचा फोन आला, "जगन, खांड गेली. मी दाबलंय, तूपन दाब." मी दाबलं. घंटा वाजली, हिरवी खूण आली. आणि खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. समोर गिऱ्हाईक होतं, त्याला लाँगबुक दिलं. त्याला दोन पेनं हवी होती, ती चालवून दाखवली. मग शटर ओढून रिक्षा धरली.

गावात पोचलो तेव्हा माणसं आपापल्या दारात, ओट्यावर, काही शेताच्या कडेला छत्री घेऊन उभी होती. हातात फोन. घमेलं एकाच्याही हातात नाही. "कोण येतंय?" मी विचारलं. कोण येणार आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. पण कोणीतरी येणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. नोंद झाली होती ना. वर निश्चिंत राहायलाही सांगितलेलं.

हाळी एकानंच दिली, गुणाजीनं. त्याचा फोन पेणला दुरुस्तीला पडलाय, म्हणून त्याला दाबता आलं नाही. तो बांधावर उभा राहून ओरडत होता, तर लोकांनी दारातूनच त्याला सांगितलं, "व्हय रं, आमी दाबलंय! वरडतंस कशाला?" त्यानं आणखी दोनदा हाळी दिली. मग एकटाच चिखल काढत बसला. एका माणसाच्या घमेल्यानं खाडी थांबत नाही. मी पोचलो तोवर तोंड बैलगाडी जाईल एवढं झालं होतं.

मग धावलो सगळे. उशिरा धावणारा माणूस फार जोरात धावतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. काही उपयोग नव्हता.

वयनीच्या शेतात लावणी होऊन आठवडा झाला होता. पाणी आत आलं ते शांतपणे आलं, तुझ्या त्या लाटांसारखं नाही. रोपांचे शेंडे तेवढे वर. ती बांधावर उभी राहून फोन दाबत होती. घंटा वाजायची, ती थांबायची, पुन्हा दाबायची. म्हटलं, "वयनी, आता काय दाबतंस गो?"

"पानी आत आलं, ते सांगतंय," म्हणाली. "मगाशी खांड सांगितली. हे नवं हाय."

मी तिच्या हातातून फोन काढून घेऊ शकलो नाही.

तुझं तीन तारखेचं पत्र मला मिळालं होतं. माणूस बघ म्हणून लिहिलं होतंस. त्याला खुसखुशीत उत्तर लिहायचं म्हणून ते मी गल्ल्याखाली ठेवलं. उत्तरातला पहिला विनोद सुचला होता, दुसरा सुचायची वाट बघत होतो. ते पत्र अजून गल्ल्याखालीच आहे.

एवढंच सांग, शुक्रवारी तुझ्याकडं काही आलं का? नसेल आलं, तर दोष तारांचा, टॉवरचा, पावसाचा. तसं असलं तर फार बरं होईल.

मामा


अष्टमी
१ ऑगस्ट

मामा,

आलं. सगळं आलं.

चार वेळा हे पत्र लिहिलं आणि फाडलं. पहिल्यात मी लिहिलं होतं की रेंज नव्हती. तुला ते हवं होतं हे मला कळलं होतं. पण रेंज होती.

शुक्रवारी दुपारी मी तेच दाखवत होते. आपलं बटण. पुण्यातले सगळे मोठे लोक पडद्यावर होते. मी सांगत होते की खेड्यातली माणसं आधी कशी अडली, मग आपण एकेक अडथळा कसा काढला. मामीच्या तिथीची गोष्ट सांगितली, त्यांना फार आवडली. फोन टेबलावर होता, आवाज बंद. तो उजळायला लागला. एकामागून एक. थांबेचना.

मामा, मी तो उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. म्हटलं, "बघा, लोकांना इतकं आवडलंय, आत्तासुद्धा दाबताहेत."

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं कोणाकडं पाहुणे आले असतील. अमावास्या होऊन गेलेली, म्हणजे उधाण, हे माझ्याच साइटवर वर कोपऱ्यात लिहिलेलं होतं. मीच घातलंय ते. मी तिकडं बघितलंच नाही. संध्याकाळी निरोप नीट बघायला घेतले तर मामीचे इतके होते की मला हसूच आलं. तिला फोन करावा असं मनात आलं, आणि मग दुसरं काम निघालं.

मी अडथळे काढत गेले. दाबल्यावर माणसाला काहीही करायचं उरू नये, इतकं सोपं केलं. तेच तर करायचं असतं असं मला शिकवलंय. कुठं चुकलं ते मला कळतं, पण ते दुरुस्त कसं करायचं ते कळत नाही. नियमानं बघितलं तर त्या पानावर काहीच चुकलेलं नाही.

साइट बंद करू का? की त्या ओळीच्या जागी दुसरं काही लिहू? सांगशील ते लिहीन. मी शिरखारला येणार होते, पेणच्या गाडीत बसलेही, वाटेतल्या गडब गावापर्यंत आले आणि उतरून परत फिरले. मामीला काय तोंड दाखवू?

प्रणिता


शिरखार
१८ ऑगस्ट

चि. प्रणिता,

उत्तराला उशीर झाला. या वेळी विनोद शोधत नव्हतो. बांधावर होतो.

आधी वयनीचं सांगतो. रोपं पिवळी पडली, मग काळी. पाणी ओहोटीला बाहेर जायचं, भरतीला परत यायचं, घरच्यासारखं. पोकलेन आणायचं ठरलं होतं, तो चिखलाच्या अलीकडंच थांबला, रुतेल म्हणाले. पंचनाम्याला एक साहेब आले, तेही अलीकडंच थांबले. त्यांचे बूट नवे होते. तुझ्या साइटवरच्या नोंदींचे कागद काढून नेले होते मी, प्रत्येक नावासकट. साहेब म्हणाले, ही साइट आमची नाही, या नोंदी ग्राह्य नाहीत, आमच्या साइटवर नोंदवा. ती उघडली. अजून उघडतेच आहे.

शेवटी भांगाच्या दिवसांत, पाण्याचा जोर कमी असतो तेव्हा, गावानंच तोंड बुजवलं. सगळे आले. कोणी कोणाकडं बघत नव्हतं.

वयनी आता मजुरीला जाते म्हणते. मी म्हटलं, आमच्याकडं जेव. "रोज?" तिनं विचारलं. "रोज," म्हटलं. "तुज्या बायकोला इचारलंस?" म्हणाली. विचारलं नव्हतं. तांदूळ नेऊन दिले तर तिनं घेतले, पण ते कुठले ते विचारलं, आणि आपल्या शेतातल्या तांदळाला वास कसा असतो ते मला समजावत बसली. मी ऐकून घेतलं. दुसरं करण्यासारखं काय होतं?

साइट बंद करू नकोस. बंद केलीस तरी लोक फोन दाबायचे थांबणार नाहीत, दुसरं काहीतरी दाबतील. "निश्चिंत राहा" मात्र काढ. त्या जागी काय लिहायचं यावर आम्ही बसलो होतो. हैबतराव म्हणाले, "घमेलं घेऊन बांधावर या" असं लिही. कोणी म्हणालं, घंटा काढून गुणाजीची हाळी भरून घाल. वयनी कोपऱ्यात होती. ती म्हणाली, "काय पन लिवा. लोकं खूण बघतात. खूण दिसली का फोन ठेवतात. वाचतो कोन?" बैठक तिथंच उठली. तुला काही सुचलं तर घाल. मला खात्री नाही.

निरोप आता माझ्या फोनवर येऊ दे, खाली नंबर देतो. समितीला विचारलेलं नाही. तिच्या बैठकीला भजी असतात.

आणि ये. वयनी तुला एक शब्द बोलणार नाही. तेच जड जाईल, पण ये. गडबला उतरू नकोस.

आता निलेश रात्रपाळीला निघेल, पण एक सांगायचं राहिलं. बांधाचे घराप्रमाणे वाटे असतात. ज्याचा वाटा त्यानं राखायचा. गुणाजीनं त्या दुपारी एकट्यानं जी माती टाकली, ती आमच्या घराच्या वाट्यावर. त्याचा स्वतःचा वाटा पुढं वळणावर होता, तो तसाच राहिला आणि अर्धा खचला. मी विचारलं, असं का केलंस? तर म्हणाला, "तिथं जास्ती फुटत व्हता." आभार मानायला गेलो, तर म्हणाला, "माजा फोन आनलास काय पेनवरनं?" इथं आभार मानत नाहीत. ज्यानं आपल्या वाट्यावर माती टाकली, त्याच्या वाट्यावर आपण टाकायची, भांगाच्या ओहोटीला, आणि दोघांनीही त्याचा विषय काढायचा नाही.

आज पहाटे गेलो. या हातांना कागदाच्या रिमांची सवय, चिखल उचलताना निम्मा माझ्याच अंगावर. गुणाजी तिवरांपाशी चिंबोऱ्या धरत होता. त्यानं पाहिलं, आणि पाठ केली. त्याच्या वळणाचा उतार भरून आला, तेव्हा वर चालून पाहिलं, पाय रुतला नाही. त्याच्या अंगणातल्या दोरीला पेणहून दुरुस्त करून आणलेला त्याचा फोन पिशवीत घालून अडकवला, घमेलं खाडीत धुतलं, आणि दुकान उघडायला पेणची वाट धरली.

मामा